पाठओळख

"वळ बघू जरा. तोंड नको दाखवू, पाठ दाखव."

भाजीच्या हातगाडीपाशी उभी असलेली बाई गडबडली. हातात मुळ्यांची जुडी, पायाशी पिशवी, आणि भरबाजारात काठआत्या म्हणते पाठ दाखव.

"आत्या, अहो मी. रोज भेटतो की आपण. कालच तुम्ही माझ्या कानातलं पाणी काढून दिलंत."

"दिलं असेल. पण मला तोंडावरून कळत नाही गं. केस घे बाजूला, मग सांगते."

बाईने हसत हसत वेणी पुढे ओढली आणि गळ्यामागची गुंडी सैल केली. मानेखाली गोऱ्या पाठीवर बारीक बारीक तीळ, पावावर पेरून भाजावेत तसे.

"हां, बेकरीवाली होय. मग आधी नाही का सांगायचं."

हातगाडीवाल्याने मुळे तोलता तोलता शेरा मारला की आत्याला माणूस सोलल्याशिवाय ओळखू येत नाही. आत्या म्हणाली, तुला ओळखते की, तुझी साल जाडच आहे. आणि चालू लागली.

काठआत्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहराच्या पोहायच्या तलावावर बायकांच्या वेळेला ती काठावर बसायची, म्हणून काठआत्या. कुणाचे कपडे सांभाळायचे, कुणाला बिल्ला द्यायचा, कुणी ओल्या फरशीवर धावली तर शिट्टी मारायची, आणि बाकी वेळ पाण्याकडे बघायचं, हे तिचं काम. पोरवयात ती दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात पोहायला शिकली होती. शिकवणारं कुणी नव्हतं. भावांनी ढकललं, ती वर आली, शिक्षण संपलं. बेडकी जशी पोहते तशी ती पोहायची, म्हणजे दिसायला काही खास नाही, पण बुडायचं नाव नाही.

आणि गंमत अशी, की उघड्या पाठींच्या मध्ये जन्म काढलेली ही बाई स्वतः मनगटापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत झगा घालायची. पाण्यात उतरायची वेळ आली तरी तशीच उतरायची. तिचा गुडघा तिच्या नवऱ्याने पाहिला असेल तर तोही चुकून. तो बिचारा सांगायला राहिला नाही.

तलावाला चार भिंती होत्या, वर पत्र्याचं उंच छप्पर आणि छपरात काचा. दुपारी त्या काचांतून ऊन खाली यायचं आणि तळाच्या फरशीवर उजेडाचं जाळं हलत राहायचं. औषधाचा वास, ओल्या केसांचा वास, पंपाची घरघर. बोललेला शब्द छपराला लागून मऊ होऊन परत यायचा, झोपेत कुणी हाक मारल्यासारखा. नवीन माणूस तिथे बसलं तर घटकाभरात पेंगायचं. आत्याही पेंगायची, पण तिचं पेंगणं हेच तिचं काम होतं.

पाण्याकडे बघायची एक रीत असते. टक लावून बघितलं तर पाणी काही दाखवत नाही, उलट डोळ्यांत उजेड फेकतं. आत्या डोळे अर्धे मिटायची. मग समोरून पाठी जायच्या. पोस्टातल्या बाईची रुंद पाठ, मधोमध पन्हळ. शिंप्याच्या लेकीची पाठ, खांद्याची हाडं पंखांसारखी. बेकरीवालीचे तीळ. जुळ्या बहिणींतली एक डावीकडे कललेली. एकेक पाठ तिच्या तंद्रीतून सरकत जायची, आणि एखादी यायची थांबली की तिच्या पोटात कुठेतरी टोचायचं. टोचलं की डोळे आपोआप उघडायचे. तलावाच्या नियमात लिहिलं होतं की दर थोड्या वेळाने डोकी मोजावीत. आत्याने डोकी कधी मोजली नाहीत. मेंढपाळ काय मेंढ्या मोजत बसतो, असं ती म्हणायची. तिच्या काठावर आजवर कुणी बुडालं नव्हतं, त्यामुळे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

या पाठींत एक पाठ वेगळी होती, धुलाईवालीची. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात बॉयलरवर होती. तरुणपणी वाफेचा नळ फुटला आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठ भाजली, एक मनगटही. उतू गेलेल्या दुधाची साय गोळा व्हावी तशी कातडी गोळा झालेली. ती यायची, भिंतीला पाठ लावून कपडे बदलायची, तशीच भिंतीला घासत कोपऱ्यातल्या शिडीपर्यंत जायची आणि खोल बाजूला उतरून थेट तळाशी जाऊन बसायची. मांडी घालून. श्वास धरून. केस वर तरंगताहेत, तोंडातून एखादा बुडबुडा सुटतोय, आणि बाई बसली आहे, माहेरी आल्यासारखी. नव्या बायका घाबरून ओरडायच्या. आत्या म्हणायची, असू द्या, ती तिथेच असते. खरंच, पुरेसं बसून झालं की ती वर यायची, हवा घ्यायची, पुन्हा खाली.

एकदा आत्याने विचारलं होतं, तळाशी काय पुरलंय का तुझं? धुलाईवाली म्हणाली, तिथे बॉयलर ऐकू येत नाही. आत्याने ते खरं धरलं.

मग तो उन्हाळा आला. पोरं उघड्या छातीने दवाखान्यापुढून हिंडू लागली, पोरी चौकातल्या कारंज्यापाशी इवल्या कपड्यांत पाय भिजवू लागल्या. काही म्हाताऱ्यांना हे फार वाईट दिसलं. वाईट दिसतंय याची खात्री करून घ्यायला ते रोज कारंज्यापाशी येऊन बसायचे. नगरसभेत अर्ज गेले, भांडणं झाली, आणि शेवटी नियम आला: सार्वजनिक जागी बाई असो वा पुरुष, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं हवं. नाहीतर दंड. लोकांना सभागृहात बोलावून हात वर करायला सांगितलं, तेव्हा काठआत्याने हात वर केला. कोपर सरळ करून, चांगला उंच.

शेजारी तिची सून बसली होती. तिने हात मांडीखाली दाबून धरला.

सून गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार रात्री घरी. त्यामुळे पंपाच्या खोलीमागच्या दोन खोल्यांत या दोघीच असायच्या, आणि दोघींना एकमेकींशी भांडायला भरपूर जागा होती. कारखान्यात पत्र्याखाली उकडायचं, म्हणून सून बिनबाह्यांचा सदरा घालून जायची. सकाळी डबा भरताना आत्या विचारायची, बाह्या यंत्राने खाल्ल्या का गं? सून म्हणायची, खाल्ल्या, पण यंत्र खाऊन गप्प बसतं.

सभेवरून घरी येताना आत्याने समजावून सांगितलं. घर घरासारखं, पाणी पाण्यासारखं, रस्ता रस्त्यासारखा. रस्ता सगळ्यांचा, तिथे माणसाने थोडं सगळ्यांसारखं राहावं. सून म्हणाली, सगळ्यांचा आहे तर त्यात माझाही वाटा आहे, मी माझ्या वाट्यावरून चालते. आणि ती पलीकडच्या कडेने चालू लागली. घर येईपर्यंत दोघी दोन कडांनी, मधून सगळ्यांचा रस्ता.

आठवडाभरात कारकून पाटी घेऊन तलावावर आला. बायकांच्या वेळेला आला म्हणून स्वतःच्या बुटांकडे बघत बोलला. तलाव ही कागदोपत्री सार्वजनिक जागा आहे, तेव्हा नियम इथेही लागू. आत्या म्हणाली, दादा, इथे चार भिंती आहेत, पुरुष म्हणून फक्त तुम्हीच आलात. कारकून बुटांना म्हणाला, तिकीट आहे ना? तिकीट आहे म्हणजे सार्वजनिक. तसा माणूस वाईट नव्हता. पाटी ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली तरी त्याने मान वर केली नाही.

निळे पोशाख सुनेच्याच कारखान्यात शिवले गेले. मान ते गुडघा, बाही कोपरापर्यंत, डोक्याला त्याच कापडाची टोपी. सुनेने एक आणून आत्याच्या पुढ्यात टाकला.

"घ्या. हा तुमचा वर केलेला हात. मी शिवलाय."

पहिल्या दिवशी सगळ्या जणी निळ्या होऊन बाहेर आल्या आणि एकमेकींना बघून खो खो हसल्या. वांग्यांची पाटी उलटल्यासारखा तलाव दिसायला लागला. आत्याही हसली. मग खुर्चीत टेकली, डोळे अर्धे मिटले, आणि समोरून पाठी सरकायची वाट बघू लागली. निळं गेलं. निळं आलं. परत निळं. कोण गेली, कोण आली, काही लागेना. तंद्री लागायची, पण रिकामी. माणसांनी भरलेल्या घरात शिरावं आणि एकाही खोलीतून आवाज येऊ नये, तशी.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. हात आपणच वर केला होता, आता कुठल्या तोंडाने कुरकुर करायची? सुनेला तर मुळीच सांगितलं नाही. होईल सवय, असं ती स्वतःला म्हणाली. डोकी मोजायला घेतली तर टोप्याही निळ्याच. निम्म्यावर गेल्यावर आकडा विसरायची.

एका दुपारी ऊन फार छान पडलं होतं. तळावर जाळं हलत होतं आणि त्या जाळ्यात, खोल बाजूला, एक निळी आकृती बसलेली दिसत होती. पाय दुमडलेले, मान जराशी खाली. आत्याला बरं वाटलं. इतक्या वांग्यांत एक तरी ओळखू आली. धुलाईवाली बसलीय तिच्या माहेरी, असं मनाशी म्हणून तिने डोळे पुन्हा अर्धे मिटले. त्या तंद्रीत तिला खाण दिसली, हिरवं पाणी दिसलं, काठावरून वाकून बघणारे भाऊ दिसले.

"आत्या, टॉवेल द्या ना."

समोर एक निळी बाई उभी होती, ताठ, हसरी, निथळणारी. उथळ बाजूच्या रुंद पायऱ्यांवरून सगळ्यांच्या मधून चालत वर आलेली. आत्याने टॉवेल पुढे केला. घेणारा हात कोपराखाली उघडा होता आणि मनगटावर जुन्या वाफेचा गुळगुळीत डाग होता.

आत्याने डाग बघितला. मग तळाकडे बघितलं.

"मग ती कोण?" ती म्हणाली, आणि खुर्चीवरून सरळ पाण्यात गेली.

घोट्यापर्यंतचा झगा तिला नवा नव्हता, त्याच्याशी तिची जन्माची सलगी. पण तळाशी बसलेलीचा निळा पोशाख पाणी पिऊन पिंपासारखा झाला होता. काखेत हात घालून ओढताना आत्याला वाटलं, आपण एक नाही दोन बायका ओढतोय. धुलाईवालीने वरून हात दिला. फरशीवर घेतलं, टोपी काढली. बेकरीवाली. ओठ काळेनिळे, श्वास नाही. आत्याने तिच्या तोंडात फुंकलं, छाती दाबली, पुन्हा फुंकलं. पंप तेवढा घरघरत होता. मग बेकरीवालीच्या घशातून पाणी आलं, खोकला आला, आणि मागोमाग एक शिवी आली.

पायात गोळा आला होता, ओरडायचा प्रयत्न केला तर तोंडात पाणी शिरलं, असं बेकरीवालीने नंतर दवाखान्यात सांगितलं. खाली जाताना तिला काठावरची आत्या दिसत होती. आत्या आपल्याकडेच बघतेय, आता येईल, असं वाटत होतं. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. म्हणूनच ते आत्याला जास्त लागलं.

तलाव बंद झाला. आत्याला नगरसभेत बोलावणं आलं. काठावर तिला ठेवायचं की काढायचं, हे ठरणार होतं. आत्या घरात भांडी घासलेली परत घासत बसायची. तिला कामाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. ठेवलं, आणि परत असंच झालं तर? निळं निळं तरंगतंय, एक तळाशी बसलीय, आणि आपण म्हणतोय असू दे. डोळा लागला की तेच दिसायचं.

सुनेने या दिवसांत एकही टोमणा मारला नाही. आत्याला ते इतकं अवघड झालं की एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, बोल बाई काहीतरी, तुझ्या गप्प बसण्याने माझं अन्न उतरत नाही. सून म्हणाली, पोशाख मीही शिवलाच की.

बोलावण्याच्या आदल्या दिवशी धुलाईवाली घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. सगळ्या म्हणतायत की आत्या उद्या नियम काढायला लावणार, ते खरं का, असं तिने विचारलं. आत्या म्हणाली, काढायला सांगावंच लागेल, मला पाठी दिसल्या पाहिजेत.

धुलाईवाली पायाच्या अंगठ्याने उंबरा घासत होती.

"आत्या, तळाशी बॉयलर ऐकू येत नाही असं मी म्हटलं होतं ना? तसं नव्हतं ते. तळाशी आपल्या मागे कुणी नसतं. निळा आल्यापासून मी खाली बसलेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मधल्या पायऱ्यांवरून वर आले, चारचौघींसारखी. त्या दिवशी तुमच्याकडे टॉवेल मागायला आले, ते मला टॉवेल हवा होता म्हणून नव्हे. नुसतं चालून दाखवायचं होतं."

इतकी वर्षं ती पाठ आत्याने रोज बघितली होती, नीट बघितली होती, डोळे मिटूनही काढून दाखवली असती. आणि त्या पाठीला आपलं बघणं टोचतं, हे तिच्या तंद्रीत कधी आलंच नव्हतं. तिने धुलाईवालीला आत बोलावलं. ती आली नाही, कामाची वेळ झाली म्हणाली. जाताना मात्र पाठ फिरवून गेली, भिंतीला धरून नाही.

नगरसभेची खोली लहान होती. टेबलाला तीन खुर्च्या, समोर एक. अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. एका बाजूला कारंज्यापाशी खात्री करून घेणाऱ्यांपैकी एक म्हातारे सभासद, दुसऱ्या बाजूला कारकून, या वेळी टेबलाकडे बघत. अध्यक्षबाईंनी नीट विचारलं. डोकी मोजायचा नियम माहीत होता का? आत्या म्हणाली, होता. मोजली? नाही मोजली. मोजली असती तर कळलं असतं, हे पटतं का? आत्या म्हणाली, पटतं. तो दोष माझाच, तो त्या कपड्यावर ढकलणार नाही.

म्हाताऱ्या सभासदांनी विचारलं, तुम्हीच ना हात वर केला होता? मग आता नियम नको म्हणायला आलात का?

आत्याने झग्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"हात केला होता, तो रस्त्यासाठी. रस्त्यावर मी पडलेल्या माणसाला उचलते, ते कोण का असेना. पाण्यात पडलेलं दिसतच नाही हो, ते ओळखावं लागतं. तुम्ही सगळ्यांना एकच कापड घातलंत, तर मी आंधळी झाले. आणि सगळ्यांचं काढायला लावलंत, तर एकजण परत तळाशी जाऊन बसेल, ती का बसते ते मला कालच कळलंय. जिला झाकायचं ती झाकेल, जिला नाही ती नाही. एकच निळी असली तर निळा हीच तिची ओळख. सगळ्याच निळ्या असल्या तर कुणीच नाही."

"जे ज्याच्या मर्जीवर सोडायचं, त्याला नियम कसं म्हणायचं?" सभासद म्हणाले. तसा प्रश्न चुकीचा नव्हता.

"नका म्हणू," आत्या म्हणाली. "मला काय, मी काठावर बसणारी बाई."

अध्यक्षबाईंनी चष्मा घातला आणि कारकुनाला विचारलं, बायकांच्या वेळेला दार आतून लावलेलं असतं का? कारकून म्हणाला, कडी असते, मी ठोठावूनच जातो. मग दोघांचं हळू आवाजात बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं: दाराला कडी असेल तोवर ती जागा रस्ता धरायची नाही, आत कुणी काय घालावं ते तिचं तिने बघावं. रस्त्याचा नियम तसाच, त्यावर भांडायला पुढची सभा. आत्या काठावर राहील, पण समोरच्या काठावर आणखी एक बाई बसेल, आणि डोकी मोजावी लागतील. पुन्हा चूक झाली तर मात्र काठ सुटला. आत्याने मान डोलावली.

घरी सुनेने निकाल ऐकला आणि विचारलं, पुढच्या सभेत हात कुठे असणार? आत्या म्हणाली, ते तेव्हा बघू. पण दुसऱ्या दिवशी डबा भरताना बाह्यांचा विषय निघाला नाही.

तलाव उघडला त्या दुपारी ऊन बेताचं होतं. बायका आल्या. पोस्टातलीची पन्हळ आली, शिंप्याच्या लेकीचे पंख आले. बेकरीवाली शेवटी आली, उथळ बाजूच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात बसून राहिली, आणि आत्याकडे न बघता म्हणाली, आत्या, आज इथेच. आत्या म्हणाली, बस गं, पाणी कुठे पळून जातंय.

निळी एकच असेल असं आत्याने धरलं होतं. निघाल्या तिघी. धुलाईवाली होतीच, शिवाय जुळ्यांतली एक, आणि एक अगदी नवखी, जिची पाठ आत्याने कधी पाहिलीच नव्हती आणि आता बहुधा पाहणारही नव्हती. आत्याने कपाळाला हात लावला. मग जरा पुढे झुकून तिघींचं चालणं बघू लागली. धुलाईवाली मधल्या पायऱ्या उतरताना हात मोकळे सोडते. जुळी डावीकडे कलते, कापडातूनही कलते. नवखी सूर मारून पाण्यात शिरताना शेवटी तळवे दाखवते, उजव्या टाचेला भेग.

समोरच्या काठावरच्या नव्या बाईने हात उंचावून आकडा विचारला. आत्याने बोटं दाखवली, मग एक बोट कमी केलं, मग परत मोजायला घेतलं. छपरावरून आवाज मऊ होऊन परत येत होते. तळाच्या फरशीवर उजेडाचं जाळं हलत होतं आणि तिथे कुणी बसलेलं नव्हतं. पापण्या जड व्हायला लागल्या तेवढ्यात कुणीतरी ओल्या फरशीवरून धावलं.

आत्याने शिट्टी मारली.